‘बहुतेक’ हा डेटा नव्हे : आमच्या घरचा डिसेंबर आणि नोंदी ठेवण्याचे चार धडे



पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, “ताई, डेटा गोळा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? वही घ्यायची आणि लिहायचं, एवढंच ना?” एम.एस्सी. झाल्यावर मलाही तसंच वाटायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका बैठकीत माझा हा समज उतरला. आजचा लेख त्याबद्दल आहे, आणि त्यानंतर आलेल्या आमच्या घरच्या डिसेंबरबद्दल.

आधी बैठकीचं सांगते. मी मुठा नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेवर काम करते. पावसाळ्यातल्या एका नमुन्यात क्षारांचं प्रमाण अचानक खाली गेलेलं दिसत होतं. मॅडमनी विचारलं, “त्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं का?” मी म्हटलं, “बहुतेक नव्हतं.” त्यावर मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बहुतेक कुठल्या युनिटमध्ये मोजतात?”

धरणातून किती विसर्ग झाला, ते आकडे नंतरही मिळवता येतात. पण त्या दिवशी मी नदीकाठी उभी होते. पातळी डोळ्यांनी बघितली होती, पाण्याचा रंगही बघितला होता, आणि वहीत त्यातलं काहीच नव्हतं. कारण माझ्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

मी शिकायला दादा-वहिनीकडे कोथरूडला राहते. घरी सात वर्षांची भाची आहे आणि साडेतीन वर्षांचा भाचा. मी त्यांना मोठी आणि धाकटा म्हणणार आहे. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना पुण्यातला डिसेंबर काय असतो ते माहीत आहे. मार्गशीर्षातले गुरुवार, चंपाषष्ठी, शाळेचं स्नेहसंमेलन, पुस्तक महोत्सव, सवाई, भीमथडी, कॅम्पातले नाताळचे दिवे, हुरडा. सुट्टीचा दिवस असा उरतच नाही. मी ठरवलं, नोंदी ठेवायचा सराव इथेच करायचा. प्रश्न सोपा वाटत होता : ‘या डिसेंबरमध्ये आमचं कुटुंब मुलांना घेऊन किती वेळा आणि किती वेळ बाहेर गेलं?’ तारीख, ठिकाण, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, सोबत कोण, असे पाच रकाने आखले आणि कामाला लागले.

हा सोपा प्रश्न मला चार ठिकाणी अडला. तेच हे चार धडे.

धडा पहिला : मोजण्याआधी एकक ठरवा

रविवार, १५ डिसेंबर. थंडी पडली की सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात. तो बघायचा म्हणून धाकट्याने हट्ट धरला होता. सकाळी तिथे गेलो. दुपारी सदाशिव पेठेत वहिनीच्या माहेरी जेवलो. संध्याकाळी तिथूनच फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सवाला गेलो. रात्री घरी.

आता सांगा, ही सहल एक, दोन की तीन?

घरातून निघून घरी परत येणं म्हणजे एक सहल, असं धरलं तर एक. ठिकाणं मोजली तर दोन. आजोळही धरलं तर तीन. दादा म्हणाला, “आजोळ ही काय सहल आहे?” मोठी म्हणाली, “आहे! तिथे आइस्क्रीम मिळालं.” शुक्रवारी, २० तारखेला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला सगळे चार तास बसलो. दादाच्या मते ते फिरणं नव्हतं, ड्यूटी होती. म्हणजे एकाच महिन्याचा आकडा व्याख्येप्रमाणे पाच येतो, सहा येतो किंवा आठही येतो. यातला एकही आकडा चूक नाही. पण व्याख्या लिहून न ठेवता दिलेला कुठलाही आकडा निरुपयोगी आहे.

तुमच्या विषयात हेच ‘एक रोप’, ‘एक पेशंट’, ‘एक कुटुंब’, ‘एक नमुना’ यांच्या बाबतीत होणार आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत ‘कुटुंब’ म्हणजे काय याचीसुद्धा व्याख्या असते : साधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. त्या व्याख्येप्रमाणे मीही दादाच्या कुटुंबात येते. माझ्या तक्त्यात मात्र मी स्वतःला धरायलाच विसरले होते.

म्हणून व्याख्या पहिल्या पानावर लिहा. नंतर बदलावी लागली तर बदला, पण कोणत्या तारखेला बदलली तेही लिहा.

धडा दुसरा : आठवण म्हणजे नोंद नव्हे

३१ डिसेंबरच्या रात्री मी तक्ता बाजूला ठेवला आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, “महिना कसा गेला? कुठेकुठे गेलो आपण?”

दादा म्हणाला, “मस्त! जेजुरी, पुस्तकं, कॅम्प, हुरडा. आणि भीमथडीला सगळे गेलो होतो.” तक्ता सांगत होता की भीमथडीला रविवारी, २२ तारखेला, फक्त दादा आणि मोठी गेले होते. धाकट्याला आदल्या दिवशी ताप आला होता, म्हणून वहिनी त्याच्याजवळ घरी थांबली. दादा खोटं बोलत नव्हता. वहिनीने सांगून ठेवलेले मसाले आणि बाजरीचे पापड घरी आले, सगळ्यांनी मिळून खाल्ले, आणि आठवणीत ‘सगळे’ जत्रेला जाऊन आले.

संशोधनात याला रिकॉल बायस म्हणतात, म्हणजे मागचं आठवून सांगताना येणारी चूक. ही चूक आपल्या मर्जीने इकडेतिकडे होत नाही, तिला ठरावीक दिशा असते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना एकदा १४ अंश सेल्सिअस पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. मग विचारलं, यातलं पुन्हा काय कराल? बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारा पर्याय निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. एखादा अनुभव एकूण किती वेळ चालला हे आपल्या लक्षात फारसं राहत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट मात्र राहतो.

रविवारी, ८ तारखेला, आम्ही जेजुरीला गेलो. चंपाषष्ठी आदल्या दिवशी होती, पण लहान मुलांना घेऊन त्या गर्दीत नको म्हणून दुसरा दिवस निवडला. धाकटा घाटात दोनदा उलटला, मोठीने अर्ध्या पायऱ्यांवर बसून घेतलं, परतताना दीड तास ट्रॅफिकमध्ये गेला. ३१ तारखेला त्यातलं कुणालाच काही आठवलं नाही. आठवला तो वर उधळलेला पिवळा भंडारा, आणि घरी आल्यावरचं भरीत-भाकरी.

घरात याने काही बिघडत नाही, उलट म्हणूनच लोक पुन्हा जेजुरीला जातात. पण पाहणीत बिघडतं. १९९९-२००० मधल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५व्या फेरीत लोकांना खाण्यापिण्याचा खर्च मागच्या ७ दिवसांचा आणि मागच्या ३० दिवसांचा असा दोन्ही विचारला. पुष्कळ अर्थतज्ज्ञांनी आक्षेप घेतला की दोन्ही प्रश्न शेजारीशेजारी आल्यामुळे लोक उत्तरं एकमेकांशी जुळवून देतात, आणि त्यामुळे आधीच्या फेरीशी तुलना नीट होत नाही. सरकारी आकड्यांत गरिबीचं प्रमाण १९९३-९४ मधल्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आलेलं दिसलं. त्यातली घट खरी किती आणि प्रश्नावलीतून आलेली किती, यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाला. ‘किती दिवसांचं आठवा’ या एवढ्याशा निवडीवर देशातल्या गरिबांची संख्या हलते.

म्हणून जे मोजायचंय ते घडतं त्या दिवशीच लिहा. शक्य नसेल तर किती दिवसांनी लिहिलं तेवढं तरी लिहा.

धडा तिसरा : प्रश्नच उत्तर घडवतो

मग धाकट्याची पाळी आली. विचारलं, “तुला काय आवडलं रे?” तो ताबडतोब म्हणाला, “जेसीबी.”

आम्ही कुठल्याच सहलीला जेसीबी बघायला गेलो नव्हतो. मग वहिनीला आठवलं, पुस्तक महोत्सवाला जाताना रस्ता खोदलेला होता आणि आम्ही बराच वेळ एकाच जागी अडकलो होतो. आमच्या दृष्टीने तो महिन्यातला सर्वांत वाया गेलेला वेळ. त्याच्यासाठी तोच डिसेंबर.

इथे मी एक चूक केली. उत्तर ‘नीट’ यावं म्हणून मी पुढे विचारलं, “आणि हुरडा खायला गेलो तिथला उंट? तो आवडला ना?” धाकटा म्हणाला, “हो! मी उंटावर बसलो.” तिथे उंट नव्हता. बैलगाडी होती. मला वेगळ्याच ठिकाणचं आठवत होतं. माझी चूक त्याने उत्तर म्हणून मला परत दिली, वर बसूनही आला!

याला लीडिंग क्वेश्चन म्हणतात, ज्या प्रश्नाच्या पोटातच उत्तर असतं. आणि हे फक्त लहान मुलांचंच होतं असं नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसांना गाड्यांच्या अपघाताची एकच फिल्म दाखवली. काहींना ‘गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं, काहींना ‘गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा’ अशा अर्थाचं क्रियापद वापरून विचारलं. क्रियापद जोरदार तसा सांगितलेला वेगही जास्त.

मुलाखती घेणार असाल तर आधी मोकळा प्रश्न विचारा, आणि उत्तर तुमच्या अपेक्षेतलं नसेल तर ते सरळ करायला जाऊ नका. ‘जेसीबी’ लिहा. नंतर कळतं की आपण सहल मोजत होतो आणि मूल रस्ता बघत होतं.

जाता जाता आणखी एक. मी वही काढली की दादा मुलांचे बूट स्वतः घालायला लागायचा. दोन आठवड्यांनी वहीची सवय झाली आणि बूट पुन्हा वहिनीकडे गेले. आपण बघतोय एवढ्यानेही समोरचं बदलतं. म्हणून पहिले काही दिवस सरावाचे समजा आणि ती आकडेवारी वेगळी ठेवा.

धडा चौथा : ज्याला रकाना नाही ते दिसत नाही

हा धडा सर्वांत महत्त्वाचा, आणि हा मला मी आखलेल्या तक्त्याबाहेर सापडला.

१ जानेवारीला वहिनीने भिंतीवरचं जुनं कालनिर्णय उतरवलं आणि रद्दीवर ठेवलं. मी सहज डिसेंबरचं पान बघितलं. तुमच्याही घरी असेल असं. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, काय काय. ते पान म्हणजे महिनाभर रोजच्या रोज लिहिलेली नोंदवही होती. आठवून लिहिलेली नव्हे, त्या त्या दिवशी लिहिलेली. माझ्या तक्त्यापेक्षा ती सरस होती.

७ तारखेचा चौकोन : ‘बाजरी पीठ, वांगी, उलटीची गोळी, २ जोड जास्त’. १८ : ‘परीचा ड्रेस आणणे, डिपॉझिट ५००’. २१ : ‘ड्रेस परत’. २३ : ‘लाल टी-शर्ट (शाळा)’. चारही गुरुवारी : ‘फुलं, ५ फळं, विडा’, आणि २६ ला त्याशिवाय ‘हळदीकुंकू, ७ जणी’.

माझ्या तक्त्यात जेजुरीची नोंद होती, निघालो ७.१०, परत ३.४०. साडेआठ तास, सगळ्यांना सारखेच. मग मी वहिनीला विनंती केली आणि त्या दिवसाचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब पुन्हा मांडला. ती साडेचारला उठली होती. डबे, भाकरी, मुलांची आंघोळ. परत आल्यावर हळदीचे कपडे भिजवणं, भरीत, भांडी. तिच्या ‘सहलीला’ पुढे-मागे मिळून आणखी पाच तास जोडलेले होते. त्यांना माझ्याकडे रकाना नव्हता. मी त्याच घरात होते, भाकरी गरम मिळाली तेव्हा खातही होते.

हीच अडचण देशपातळीवर सोडवण्यासाठी टाइम यूज सर्व्हे असतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभरातली पहिली पूर्ण पाहणी जानेवारी ते डिसेंबर २०१९ मध्ये केली. पुढची २०२४ मध्येच चालू होती, म्हणजे मी वही घेऊन फिरत होते त्याच महिन्यापर्यंत. त्यात कुटुंबातल्या ६ वर्षांवरच्या प्रत्येकाचा आदल्या दिवशी पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असा २४ तासांचा हिशेब, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांत घेतात. दिवस पहाटे ४ ला का सुरू करतात ते मला वहिनीच्या साडेचारमुळे कळलं.

२०१९ च्या पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ८१.२ टक्के होतं, पुरुषांचं २६.१ टक्के. जे हे काम करतात त्यांची रोजची सरासरी स्त्रियांसाठी २९९ मिनिटं, पुरुषांसाठी ९७ मिनिटं. हे आकडे वाचताना ‘जे करतात त्यांची सरासरी’ हे शब्द सोडू नका. न करणारे धरले तर पुरुषांची सरासरी आणखी खाली जाते. छेद कोणता, हे विचारल्याशिवाय सरासरी वाचायची नाही.

आता २१ डिसेंबरच्या चौकोनाबद्दल. माझ्या तक्त्यात त्या शनिवारी लिहिलंय : ‘सहल नाही.’ कालनिर्णयात ‘ड्रेस परत’च्या खाली लाल पेनने गोल करून लिहिलं होतं, ‘सवाई’.

पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव वहिनी लग्नाआधी दर वर्षी ऐकायची. मुलं झाल्यापासून जमलं नव्हतं. यंदा ती एक दिवस मुकुंदनगरला एकटी गेली. लाल गोलाखाली निळ्या पेनने लिहिलं होतं, ‘७.३० घरी. ताप १०१.’ दादाने फोन केला होता, तो तुझ्याशिवाय औषध घेत नाहीये म्हणून. त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत बसून तक्ता भरत होते. ‘मुलांना घेऊन’ या माझ्या व्याख्येत ती संध्याकाळ बसत नव्हती, म्हणून मी ‘नाही’ लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले. तिच्या महिन्यातली स्वतःसाठीची एकमेव वेळ माझ्या डेटात शून्य होती. व्याख्येप्रमाणे अगदी बरोबर असलेलं शून्य.

३१ तारखेला तिला विचारलं होतं तेव्हा तीही म्हणाली होती, “छान गेला महिना.” पान नसतं तर मी तेवढंच लिहिलं असतं.

मग आता काय करायचं?

मी माझ्या नदीच्या तक्त्यात तीन रकाने वाढवले : पाण्याची पातळी, रंग-वास, आणि शेवटचा रुंद रकाना, ‘इतर’. नमुना घेतल्यापासून दहा मिनिटांत काठावरच तो भरायचा. रिकामा सोडायचा नाही, काही दिसलं नाही तर ‘विशेष काही नाही’ असं लिहायचं. रिकामा रकाना आणि ‘काही नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्यासाठी गृहपाठ. एक आठवडा घरातली कुठलीही एक गोष्ट मोजा. पाणी, चहा, फोन, काहीही चालेल. आधी व्याख्या लिहा, रोज नोंदवा, आठवड्याने घरच्यांना आठवून सांगायला लावा, आणि दोन्ही ताडून बघा. मग एका माणसाला विचारा, “माझ्या तक्त्यात काय आलं नाही?” शक्यतो त्या माणसाला, जिचं किंवा ज्याचं काम तुम्ही मोजत होतात.

आणि परवानगी घ्या, घरातल्यांचीसुद्धा. कालनिर्णयाचं पान वापरू का, हे मी वहिनीला विचारलं. छापण्याआधी हा लेख तिला वाचायला दिला. तिने एक ओळ खोडायला सांगितली, ती मी खोडली. २१ तारखेचा भाग ठेवू का विचारलं तर म्हणाली, “ठेव. पण औषध त्याने नंतर घेतलं, तेही लिही.” लिहिलं.

नवीन कालनिर्णय आता भिंतीवर आहे. परवा मी त्याचं शेवटचं पान उलटून बघितलं. डिसेंबरच्या वरच्या कोपऱ्यात, अजून तारखाही जाहीर नसताना, तिने लिहून ठेवलंय : ‘सवाई. आईला राहायला बोलावणे.’ त्याखाली दादाच्या अक्षरात : ‘औषध मी देईन.’

पुढच्या डिसेंबरमध्ये ते तपासून बघते. तुमचे आठवडे कसे गेले ते नक्की कळवा.